मुदखेडचा रातमुक्काम

माळेगावचा खंडोबा आपल्या नांदेड-लातूर भागात कोणाला सांगावा लागत नाही. लोहा तालुक्यातले हे गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तेथे देवस्वारी निघते, 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर होतो, बेल-भंडारा उधळला जातो आणि यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, उंट, लाल कंधारी बैल, कुस्त्यांचे फड, लावणी, तमाशे. यात्रेचे वर्णन करणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला मात्र यात्रेला पोचण्याआधीची एक रात्र सांगायची आहे. ती आम्ही मुदखेडजवळ, रस्त्याकडेच्या एका शेतात काढली. त्या रात्री जे घडले ते तुमच्याही घरात घडू शकते, म्हणून सांगतो.

आमचे गाव भोकरच्या पुढे. जीपने सकाळी निघाले की माणूस दुपारपर्यंत माळेगावात पोचतो. यंदा तसेच ठरले होते. पण माझी आई ऐंशीला टेकलेली. ती म्हणाली, "एका दमात गेलं तर ती यात्रा कशाची रं? ते बाजाराला जाणं झालं. मला मुक्काम करत न्या. मुदखेडला लिंबाखाली उतरायचो आपण, तिथं उतरू."

तिचे म्हणणे मला लगेच उमगले. मी लहान असताना आमच्या घरची बैलगाडी माळेगावला जाई. बैल दिवसाला आठ-नऊ कोसांवर चालत नाहीत. म्हणून पहिला मुक्काम मुदखेड, दुसरा नांदेडला गोदावरीच्या काठी, तिसरा लोह्याच्या अलीकडे. गाडीत कडबा, सरकी, भाकरीचे पीठ, तिखट-मीठ, घोंगड्या, वर तट्ट्याचे छप्पर आणि खाली टांगलेला कंदील. मुदखेडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक विहीर होती आणि तिच्यावर मोठा लिंब. तेथे पंधरा-वीस गाड्या सुटत. तीन दगडांच्या चुली पेटत. विहिरीचा मालक येऊन बसे आणि कोणत्या गावचे, कोणाचे कोण, हे विचारून घेई. १९७२ च्या दुष्काळात आमची गाडी निघाली नाही, कारण बैलच उरले नव्हते. पुढे एस.टी. सोयीची झाली आणि मुक्काम बंद पडला तो कायमचा.

आईचा शब्द मोडवेना. जीपची मागची बाके काढली, त्या जागी फळी टाकली, तिच्यावर गादी आणि दोन वाकळा. रात्री जीपच्या बाजूला बांधायला एक ताडपत्री घेतली. पाण्याचे दोन कॅन, रॉकेलऐवजी आता गॅसची छोटी शेगडी, आणि थंडी म्हणून कोळशाची एक लोखंडी शेगडी. शहरातले लोक ज्याला 'कॅराव्हॅन' म्हणतात आणि त्यासाठी लाखो रुपये मोजतात, ती आम्ही एका दुपारी अंगणात तयार केली. मी, घरची मंडळी, आई आणि बारा वर्षांचा नातू असे चौघे निघालो.

बारडहून मुदखेडचा रस्ता धरला तेव्हा दिवस कलला होता. आई खिडकीला डोळे लावून बसली होती. "आता येईल, आता येईल," म्हणत होती. लिंब काही आला नाही. रस्ता रुंद झाला आहे, दोन्ही बाजूंना दुकाने आणि गोदामे उभी राहिली आहेत. एका ठिकाणी मी विचारले, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "लिंब कवाच गेला. हीर बी बुजवली." आई काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून पुढे पाहत राहिली.

आता उतरायचे कोठे? एका धाब्यावर विचारले. मालक म्हणाला, "बायामाणसं हायेत, रातच्याला ट्रकवाले येतात, नको बाबा ती जबाबदारी." त्याचेही चुकले नाही. रस्त्याच्या अगदी कडेला जीप लावून झोपावे, असे एकदा मनात आले. पण रात्री भरधाव गाड्या, धुके आणि उसाच्या ट्रॉल्या चालतात. उभ्या गाडीवर मागून आदळून माणसे मेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. म्हणून मोठा रस्ता सोडला आणि आत वळलो.

मुदखेडची ओळख दोन गोष्टींनी. एक तेथले रेल्वे जंक्शन. निजामाच्या काळात टाकलेला मनमाड-सिकंदराबाद मार्ग येथून जातो आणि येथूनच किनवटमार्गे आदिलाबादचा फाटा फुटतो. दुसरी ओळख फुलांची. गुलाब, झेंडू, शेवंती, गलांडा आणि थंडीत काकडा. येथल्या शिवारात फुलांचे मळे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. त्या आतल्या रस्त्याला लागताच वासाने कळले की कोठे आलो.

एका आखाड्यापुढे एक बाई झेंडूची फुले ओतून पाटी झटकत होत्या. माझी घरची मंडळी खाली उतरली आणि म्हणाली, "मावशी, माळेगावला निघालोत. म्हातारं माणूस संगं हाय. रातभर गाडी उभी करू का तुमच्या धुऱ्याला?"

बाईंनी लगेच हो म्हटले नाही. आधी विचारले, "कुठले हाव तुम्ही? कितीजण हाव? पिऊन बिऊन तर कुणी नाही ना?" मग जीपमध्ये डोकावून आईला पाहिले. आईने गाव सांगितले, आपले माहेर सांगितले. बाईंचे माहेर अहमदपूरकडचे निघाले आणि आईची एक चुलत बहीण त्याच बाजूला दिलेली. एवढे धागेदोरे जुळल्यावर बाई म्हणाल्या, "मग बाहेर कशाला? आत घ्या गाडी. पण ऐका, फुलाच्या ओळीत पाय ठेवायचा नाही. गंजीजवळ इस्तव पेटवायचा नाही. हिरीवर साबण नाही. संडास त्या बाजूला हाय, पोरीबाळींनी अंधारात भटकू नये."

चार वाक्यांत त्यांनी सगळे नियम सांगून टाकले. पुढे मी दुसऱ्या देशांतल्या अशा मुक्कामाच्या जागांचे वाचले, तेव्हा लक्षात आले की तेथे पाटीवर लिहिलेले नियम हेच असतात.

बाईंचे मालकही आले. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. रात्री भाकरी, ठेचा आणि त्यांच्याकडची वरणभाजी एकत्र करून जेवलो. जेवणे झाली. घरची मंडळी आणि मावशी भांडी घासत आखाड्यात बोलत बसल्या. आई जीपमध्ये फळीवर पडली. मी ताडपत्रीखाली आडवा झालो आणि दिवसभर गाडी चालवल्यामुळे लगेच झोपलो.

थंडी चांगलीच होती. आजी कुडकुडते म्हणून नातवाने कोळशाची शेगडी पेटवली, निखारे लाल झाल्यावर उचलून जीपमध्ये आजीच्या पायाशी ठेवली आणि वारा लागू नये म्हणून चारी काचा वर करून दार लावले. मग तोही माझ्याशेजारी येऊन झोपला. पोराने मायेनेच केले.

वाचकहो, पुढचे नीट वाचा. त्या आठवड्यात मामांच्या पंपाला रात्रीची वीज होती. शेतकऱ्याला रात्री पाणी द्यावे लागते हे दुखणे आपल्या सर्वांना माहीत आहे. दहाच्या सुमारास मामा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघाले. जीपजवळून जाताना त्यांना काचेतून लाल उजेड दिसला. त्यांनी क्षणाचा विलंब केला नाही. दार ओढून उघडले, शेगडी घोंगडीने धरून बाहेर फेकली आणि मला हाक मारली. आई हाकेला 'ओ' देत नव्हती. नुसती कण्हत होती. आम्ही तिला उचलून उघड्यावर बाजेवर ठेवले, अंगावर वाकळ घातली, तोंड मोकळे ठेवले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "डोकं फुटायलंय रं." मग तिला ओकारी झाली. मामा म्हणाले, "आमच्या भावकीत एक जोडपं असंच गेलं. शेगडी अन् बंद दार."

आम्ही थांबलो नाही. त्याच जीपमध्ये, सगळ्या काचा खाली करून, तिला मुदखेडला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नळीने प्राणवायू दिला. पहाटेपर्यंत आई नीट बोलू लागली. डॉक्टर म्हणाले, "आणखी अर्धा-पाऊण तास गेला असता तर मला सांगता आलं नसतं."

असे का होते, ते समजून घ्या. कोळसा, लाकूड किंवा गोवरी बंद जागेत अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. लाल निखारा धूर करत नाही, पण हा वायू सोडतोच. तो रक्तात प्राणवायूची जागा घेऊन बसतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. बंद खोली, बंद तंबू, बंद जीप, ट्रकची केबिन, सगळीकडे धोका तोच. इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपले तरी तोच. असा माणूस आढळला तर आधी दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी डॉक्टरला दाखवा. थंडीला वाकळ वाढवा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी द्या, पण शेगडी आत घेऊ नका. बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा नाही.

नातू रडून रडून सुजला होता. आईनेच त्याला जवळ घेतले. "तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तुझा काय गुन्हा?" म्हणाली. खरे आहे. सांगायचे काम माझे होते. बैलगाडीच्या मुक्कामात शेगडी उघड्यावर असे, छप्पर तट्ट्याचे, त्यातून वारा खेळे. काचेची गाडी वेगळी. आपण जुनी रीत नव्या गाडीत जशीच्या तशी नेतो आणि फसतो.

आखाड्यावर परत आलो तेव्हा तांबडे फुटले नव्हते. तरी मळ्यात बॅटऱ्या हलत होत्या. काकड्याच्या कळ्या उमलण्याआधी तोडाव्या लागतात. मावशी, त्यांची सून आणि दोन मजूर बाया थंडीत बोटे फुंकत कळ्या तोडत होत्या. नांदेडच्या बाजारात वेळेवर पोचले तरच भाव. रात्रभर आमच्यापायी मावशींना झोप नव्हती, तरी तोडणी चुकली नाही. आमची मंडळी आणि नातू ओळीला लागले. या वेळी ओळीत पाय ठेवायची परवानगी मिळाली. आई बाजेवर बसून वाती वळाव्या तशी कळ्या निवडत होती. लांबून जंक्शनवरच्या गाडीची शिटी आली. आई म्हणाली, "ही शिटी तीच हाय. लिंबाखाली ऐकायची ती." लिंब सापडला नव्हता, पण तिला तिचा मुक्काम सापडला.

निघताना मी मामांपुढे पैसे धरले. ते रागावले. मग आईने मावशींच्या सुनेच्या ओटीत ज्वारी आणि खोबऱ्याची वाटी घातली. ती त्यांनी घेतली. मावशी म्हणाल्या, "परत येताना येळवस हाय. आमच्या माहेरची रीत मी इथं बी चालवते. तसंच पुढं जायचं नाही."

वाटेत मुगटला थांबलो. मुदखेड तालुक्यातच गोदावरीकाठी माता साहिब यांचा गुरुद्वारा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला, तेव्हापासून पंजाबचे भाविक इकडे येत असतात. त्यांच्या काही ट्रका मी पूर्वीही पाहिल्या होत्या, आता निरखून पाहिल्या. ट्रकच्या हौद्यात मधे फळ्या टाकून दोन मजले केलेले. वर बायका-मुले, खाली सामान, पातेली, पिठाची पोती. एवढा लांबचा रस्ता असा कापत येतात. मुक्कामाला गुरुद्वारा आणि लंगर. तेथे आम्हालाही कोणी जात-गाव न विचारता चहा आणि जेवण मिळाले.

तेथे बसल्या बसल्या विचार आला. वाटसरूची गरज सगळीकडे सारखीच. अमेरिकेत लोक घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन फिरतात. तेथे मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी डेव्ह ड्रम नावाच्या गृहस्थांची यलोस्टोन नदीकाठी जागा होती. १९६२ मध्ये सिएटलचे जागतिक प्रदर्शन पाहायला जाणारे प्रवासी त्या रस्त्याने लोटले. ड्रम यांनी आपल्या जागेत त्यांना उतरू दिले. गरम पाण्याची न्हाणी, संडास, चुलीची जागा, बसायला मेज, लहानसे दुकान, आणि भाडे रात्रीला पावणेदोन डॉलर. त्यातून पुढे देशभर पसरलेला मोठा धंदा उभा राहिला. मुळात काय होते? रस्त्याकडेची जमीन, पाणी आणि स्वच्छता.

आपल्याकडेही वारे त्या दिशेने वाहू लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा गाड्यांना उतरण्यासाठी वाहनतळ खासगी जागेत किंवा कृषी पर्यटन केंद्रातही करता येतात, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. ज्यांचे शेत मोठ्या रस्त्याजवळ आहे त्यांनी चौकशी करायला हरकत नाही. पण कर्ज काढून एकदम खोल्या बांधायला धावू नका. आधी एक सपाट, पाणी न साचणारी जागा, पिण्याचे चांगले पाणी, दिव्याचा एक खांब आणि बायकांसाठी स्वच्छ संडास एवढे करून पाहा. येणाऱ्याचे नाव-गाव आणि गाडीचा नंबर वहीत लिहून घ्या. त्यात संकोच कसला? मावशींनीही विचारूनच आत घेतले.

आणि तुम्ही स्वतः मुक्काम करत निघालात तर एवढे पाळा. दिवस मावळण्याआधी थांबा. मोठ्या रस्त्याच्या कडेला झोपू नका. मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या धुऱ्यावर गाडी लावू नका. आपले पाणी आपण न्या. विस्तव कडब्यापासून लांब ठेवा आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवा. सकाळी निघताना जागा झाडून द्या. गाडीत लहान मूल असो की म्हातारे, आत काय पेटले आहे का, हे झोपण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः पाहावे. मी पाहिले नाही, त्याची चुटपुट मला जन्मभर राहणार आहे.

माळेगावची यात्रा छान झाली. आईला देवस्वारी दिसली, तिने भंडारा उधळला. दुसऱ्या दिवशी अमावास्या. परतताना सांगितल्याप्रमाणे मुदखेडच्या आखाड्यावर वळलो. मावशींनी कडब्याची खोप उभारली होती. आत चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांची पूजा मांडलेली, समोर आंबिलाची बिंदगी. पानात भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. रस्त्याने जाणाऱ्या दोघा अनोळखी मोटारसायकलवाल्यांनाही मामा हाक मारून घेऊन आले. आईने आंबिलाचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाली, "औंदाची यात्रा पुरी झाली."

मामा-मावशींना चैत्रात माहूरच्या रेणुकेला जायचे आहे. त्यांची वाट भोकरवरून, म्हणजे आमच्या शिवारावरून जाते. आम्ही आखाड्यासमोरची जागा आत्ताच साफ करून ठेवली आहे. शेजारी एक लिंबाचे रोप लावले आहे. त्याला पाणी घालायचे काम नातवाने आपणहून घेतले.